देवरावभाऊंनी ऐकलेला भूकंप

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत नळ कधी येणार हे विचारायचं असेल, तर देवरावभाऊ इंगळ्यांना विचारावं लागतं. भाऊ पाणीपुरवठ्यातले व्हॉल्व्हमन. सायकलच्या दांड्याला टी आकाराची लांब लोखंडी चावी बांधून ते बत्तीस वर्षं अकोल्याच्या गल्ल्यांमधून फिरतायत. रस्त्यातलं चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की पाच मिनिटांत दोन-अडीचशे घरांत बादल्या वाजायला लागतात. लोक त्यांना शिव्या देतात आणि चहाही पाजतात, बहुतेक वेळा याच क्रमाने.

माझं झेरॉक्सचं दुकान याच गल्लीत, आणि आमच्या ओळीचं चेंबर बरोबर माझ्या दुकानासमोर. त्यामुळे भाऊंची सायकल माझ्या शटरला टेकलेली असते. टोपी काढून ती सायकलच्या सीटवर ठेवायची, खिशातल्या रुमालाने सळई पुसायची आणि मग रस्त्यावर गुडघे टेकायचे, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. ही सळई म्हणजे पाच फुटांची साधी लोखंडी कांब. वरच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी. खालचं टोक पाइपावर किंवा जमिनीवर टेकवायचं, वाटीला उजवा कान लावायचा आणि डोळे मिटायचे. भाऊंचा डावा कान लहानपणीच्या तापात जवळजवळ गेलेला. जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय, कुठे गळतोय, कुणी चोरून जोडणी घेतलीय, ते भाऊ तेवढ्यावर सांगतात.

"चालतं पानी सरसर करते मायाताई," ते मला एकदा म्हणाले होते. "गळतं पानी कुजबुजते. अन् चोरीचं पानी असलं ना, थे थांबून थांबून बोलते. चोरावानीच."

हे त्यांना शालिकराम नावाच्या जुन्या व्हॉल्व्हमनने शिकवलं. भाऊ मूळचे अकोटजवळच्या एका खेड्यातले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तेविसाव्या वर्षी भाऊ रोजंदारीवर पाणीपुरवठ्यात लागले आणि शालिकरामच्या हाताखाली पडले. शालिकराम फार बोलायचा नाही. भर रस्त्यात सळई हातात द्यायचा आणि म्हणायचा, "आयक." काय ऐकायचं ते सांगायचा नाही. पहिले दोन महिने भाऊंना आपल्याच कानशिलातलं रक्त ऐकू येत होतं म्हणे. आता मुलगी दीपमाला अमरावतीला दवाखान्यात नर्स आहे, भाऊंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, आणि घरी पार्बताबाई म्हणतात की या माणसाला बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, पण दोन हात जमिनीखालचं सगळं ऐकू येतं.

यंदा दिवाळीच्या आधी खात्यात आरती मॅडम आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, कनिष्ठ अभियंता, गाव गुरुकुंज मोझरी. त्यांच्याबरोबर एक नवं मशीनही आलं. खाली बशीसारखा एक भाग, हातात छोटा पडदा आणि कानावर मोठे हेडफोन. काम तेच, जमिनीखालची गळती ऐकायची. गल्लीत पहिल्या दिवशी मशीन उघडलं तेव्हा भाऊ बाजूला उभे राहून सळई पुसत होते. पाहणाऱ्याला वाटलं असतं, कुस्तीच्या आधी पैलवान मांडी घासतोय.

दोघांची जुंपली ती आमच्याच गल्लीच्या गळतीवरून. तीन आठवडे झाले होते, टोकाच्या घरांना पाण्याचा जोरच नव्हता. रस्ता कोरडा, नाली कोरडी, मग पाणी जातंय कुठे? भाऊ म्हणत, गळती मनकर्णाबाईंच्या घराच्या अलीकडे आहे. मॅडमचं मशीन दाखवत होतं, घराच्या पलीकडे, कडुनिंबाखाली. दोन्ही ठिकाणी खोदून झालं. दोन्हीकडे कोरडी काळी माती निघाली.

मनकर्णाबाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे. दिवसभर त्या आपल्या ओट्यावर बसून गल्लीचा कारभार पाहतात. त्यांनी दोघांनाही सोडलं नाही.

"काहून रे देवराव? तू सळई लावून राहिला, थे पोरगी बशी लावून राहिली, अन् माह्या घरी पान्याचा थेंब नाई. अन् इथं बसलं की गार लागते, थे येगळंच."

"आजी, थंडी सुरू झाली आता," मॅडम म्हणाल्या. "सतरंजी टाकून बसत जा."

शेवटी मॅडमनी ठरवलं की रविवारी दुपारच्या आत पुन्हा तपासायचं. रविवारी गल्लीत वर्दळ कमी. पाणी मुद्दाम सोडायचं, पूर्ण दाबाने, आणि दोघांनी एकाच वेळी ऐकायचं. त्या रविवारी साडेदहाला भाऊंनी चेंबर उघडून व्हॉल्व्ह सोडला आणि झाकण लावलं. तेवढ्यात कुलदीप सरांची नवी पांढरी गाडी आली आणि नेमकी त्या झाकणावर उभी राहिली.

कुलदीप सरांचा क्लास माझ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. बारावीची मुलं. दर रविवारी परीक्षा असते.

"सर, गाडी काढा तिथून," भाऊ ओरडले. "खाली व्हॉल्व्ह हाय."

"पाचच मिनिटं भाऊ! पेपर वाटतो अन् आलोच!" सर जिना चढून गेले आणि अर्थातच विसरले. वर बासष्ट जणांची बॅच पेपर सोडवत होती. जिना एकच, अरुंद, तोही मध्ये वळणारा, आणि खाली लोखंडी सरकतं दार. ते गंजलेलं असल्यामुळे नेहमी अर्धंच उघडं असायचं.

अकरा वाजून गेले होते. मी दुकानाच्या दारात उभी होते, मागे मशीनमधून कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती निघत होत्या. भाऊ रस्त्याच्या मध्ये गुडघ्यांवर, कान वाटीला, डोळे मिटलेले. दहा-बारा पावलांवर आरती मॅडम हेडफोन लावून वाकलेल्या. मनकर्णाबाई ओट्यावर. गल्ली इतकी शांत होती की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी तीन घरं ओलांडून आली.

भाऊंनी एकदम हात वर केला. "चूप!"

कुणी बोलतच नव्हतं. मी झेरॉक्सचं मशीन थांबवलं.

"मॅडम, मोठा ट्रक आला काय इकडे कोनता?"

मॅडमनी त्याच क्षणी हेडफोन कानावरून ओढून काढले. "भाऊ, हे मशीन बिघडलं वाटतं. नुसतं घरघर करतंय. कान फुटला माझा!"

भाऊंनी डोळे उघडले. त्यांचा तो चेहरा मी कधी विसरणार नाही. सळई हातातून सुटून रस्त्यावर खणखणत पडली आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस पोरासारखा उडी मारून उठला.

"बाहेर या! सगळे बाहेर या! भूकंप येऊन राहिला!"

मला आधी वाटलं, ऊन लागलं की काय यांना. मनकर्णाबाई तर म्हणाल्याच, "बह्याड झाला का रे बाप्पा?" पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत जमीन हलली.

माझ्या पायाखालून कुणीतरी सतरंजी ओढली असं वाटलं. मी शटरची पट्टी धरली, तर ती पट्टीच थडथडत होती. दुकानातून कागदांचे गठ्ठे धपाधप पडले. समोरच्या ओळीत उभ्या असलेल्या दुचाक्या एकीवर एक अशा पडत गेल्या. विजेच्या तारा दोरीवरच्या उड्या खेळल्यासारख्या झुलत होत्या, आणि छतांवरच्या काळ्या टाक्यांमधलं पाणी झाकणं उडवून उसळत होतं, आमच्या अंगावर येत होतं. आणि आवाज! खिडक्यांची तावदानं, भांडी, पत्रे, कुत्री, माणसं, सगळं एकदम. खरं सांगते, त्या भीतीत मला कसलासा आनंदही झाला. एवढी मोठी जमीन हलते आणि आपण तिच्यावर उभे आहोत, असं काहीतरी. मी मोठमोठ्याने ओरडत होते, पण काय ओरडत होते ते आठवत नाही.

किती वेळ? नंतर सगळे म्हणाले दहा सेकंद. कुणी म्हणालं पंधरा. मला विचाराल तर अर्धा तास.

भाऊ तेवढ्या वेळात जिन्यापाशी पोचले होते. वर कुलदीप सर ओरडत होते, "बाकाखाली! बाकाखाली बसा!" पण ऐकणार कोण? सगळी पोरं एकदम जिन्याकडे धावली होती. पावलांचा तो आवाज मला भूकंपापेक्षा भयंकर वाटला. खाली दार अर्धंच उघडं. भाऊंनी दोन्ही हातांनी ते धरलं, भिंतीला पाय लावला आणि असा हिसका दिला की गंजलेलं दार किंचाळत पूर्ण सरकलं. मग ते आत शिरले आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर, लोंढ्याच्या तोंडावर, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

वरून पहिली दहा-बारा पोरं आली ती एकमेकांच्या अंगावरच. त्यात एक मुलगी, आचल तिचं नाव, खाली पडली. मागचे तिच्यावर पाय देणार इतक्यात भाऊंनी तिला काखेत धरून उचललं आणि बाजूला भिंतीशी उभं केलं.

"थांबाऽऽऽ!"

गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला 'नळ आलाऽऽऽ' अशी हाक मारून तयार झालेला तो आवाज. अरुंद जिन्यात तो असा घुमला की पोरं खरंच थांबली.

"दोघं दोघं! हात धरा अन् या! हां, तुमी दोघं. चला. पुढचे दोघं. ए पोट्ट्या, ढकलू नको, तुहा नंबर येऊन राहिला. चला. दोघं. चला."

मी बाहेर उभी राहून प्रत्येक जोडीला ओढून रस्त्याच्या मध्ये ढकलत होते, भिंतींपासून लांब. बॅच बासष्टची आहे हे माझ्याकडून ऐकून आरती मॅडम माझ्या बाजूला येऊन मोजायला लागल्या होत्या. हेडफोन अजून त्यांच्या गळ्यात लटकत होते. "बावीस... चोवीस... सव्वीस..."

चाळीसच्या पुढे गेलो आणि जमीन पुन्हा हलली. छोटासा धक्का, पण जिन्यात उरलेल्या पोरांमधून एकच किंकाळी उठली.

"हे लहान हाय!" भाऊ ओरडले. "हे काही करत नाई! माह्याकडे पाहा! दोघं! चला!"

ते ठामपणे बोलले, म्हणून पोरांनी ऐकलं. लहान आहे हे त्यांना कसं कळलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाले, "मले काय माईत? पन कोनीतरी सांगावं लागे."

बासष्टावे कुलदीप सर. म्हणजे पोरं एकसष्ट. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "एक कमी आहे! सर, एक कमी आहे!"

"आज एक गैरहजर आहे," सर धापा टाकत म्हणाले, आणि त्या क्षणी मॅडम इतक्या हसल्या की त्यांना गुडघ्यांवर हात ठेवून वाकावं लागलं.

गल्लीत एव्हाना जत्रा भरली होती. माणसं बनियनवर, बायका पिठाच्या हातांनी, एक गृहस्थ अर्धी दाढी करून फेसासकट. जो तो दुसऱ्याला आपला भूकंप सांगत होता. फोन कुणाचाच लागत नव्हता तरी सगळे कानाला फोन लावून ओरडत होते. अनोळखी लोक एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. जगलो, वाचलो, आपल्या डोक्यावर काही पडलं नाही, याचा असा उत्साह चढला होता की कुणाला घरात जायचं नव्हतं.

"देवराव!" मनकर्णाबाईंची हाक आली. "अरे देवराव, पानी पाह्य!"

त्या ओट्यावरच बसलेल्या होत्या. एवढ्या भूकंपात त्या जागच्या हलल्या नव्हत्या. आणि त्यांच्या ओट्याच्या पायापाशी, जिथे रस्ता आणि ओटा मिळतात तिथे, डांबर फुगत होतं. आम्ही पाहत असतानाच ते तडकलं आणि मनगटाएवढी धार वर उडाली. मग बाजूला दुसरी. मग फरशीच्या सांध्यांतून, ओट्याच्या खालून, भसाभस गढूळ पाणी.

तीन आठवडे शोधत होते ती गळती. ती ओट्याखालीच होती. भाऊ एका बाजूला शोधत होते, मॅडम दुसऱ्या, आणि मधल्या चार हातांवर मनकर्णाबाई बसलेल्या, म्हणून तिथे ना सळई लागली ना बशी.

"मी रोज म्हनत होती!" मनकर्णाबाई विजयाने ओरडल्या. "रोज म्हनत होती, माह्या बुडाखाली गार लागते! आयकलं कोनी?"

सगळी गल्ली हसली, पण भाऊ हसले नाहीत. ते त्या पाण्याच्या रंगाकडे पाहत होते. काळं पाणी. म्हणजे खालची माती वाहून येत होती. ओटा आणि त्यामागची मातीची जुनी भिंत त्या मातीवरच उभी.

"आजीले उचला! भिंतीपासून दूर न्या! मॅडम, व्हॉल्व्ह!"

आम्ही सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. व्हॉल्व्हवर कुलदीप सरांची पांढरी गाडी.

"चावी वर टेबलावर आहे," सरांचा चेहरा गाडीहून पांढरा झाला. "आणतो, एका मिनिटात आणतो..."

भाऊंनी त्यांचा दंड धरला. "वर कोनी जानार नाई."

"अहो, पण गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक लावलाय, ढकलली जाणार नाही!"

"मंग उचलू," भाऊ म्हणाले. "एवढी मानसं कायले उभी हाय?"

आणि गाडीला माणसं भिडली. बारावीची पोरं, अर्ध्या दाढीवाले गृहस्थ, पिठाच्या हातांच्या बायका, मी. मागच्या बाजूला वीस-पंचवीस जण. भाऊंनी चाकापाशी उभं राहून हात वर केला. "माह्या बोलन्यावर. सगळे एकदम. हं... हुप्प!"

गाडी वर उठली, वीतभर सरकली आणि धपकन बसली. "अजून! हुप्प!" या वेळी झाकणाची कड दिसली. माझ्या बोटांना रग लागली होती, कुणाचा तरी पाय माझ्या पायावर होता, आणि तरी मला हसू आवरत नव्हतं. सर बाजूला उभं राहून "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते, मग तेही येऊन भिडले. तिसरा "हुप्प!" एवढ्या जोराचा झाला की गाडी हातभर सरकून विजेच्या खांबाला जाऊन टेकली, मागचा दिवा फुटला, आणि झाकण पूर्ण मोकळं झालं.

भाऊंनी झाकण फेकलं, चावी खाली घातली आणि फिरवायला लागले. सावकाश. अगदी सावकाश.

"अहो भाऊ, लवकर फिरवा!" चारी बाजूंनी लोक ओरडायला लागले. तिकडे पाणी ओट्याच्या पायऱ्या उखडत होतं.

"लवकर बंद केलं तर पानी उलटं मारते! मांगची लाइन फुटंन!" भाऊ दातओठ खाऊन ओरडले. "मॅडम, फेरे मोजा!"

मॅडम चेंबरच्या कडेला पोटावर झोपल्या होत्या. त्यांचा ड्रेस चिखलाने माखला होता. "सात... आठ... भाऊ, दम घ्या... नऊ..."

बाराव्या फेऱ्याला धार बसकी झाली. पंधराव्याला नुसतं उकळल्यासारखं. अठराव्याला चावी अडली, आणि ओट्यापाशी एक मोठा बुडबुडा येऊन फुटला. मग काही नाही. मातीची भिंत तडा घेऊन उभी राहिली, पण उभी राहिली.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्या गल्लीने वाजवल्या. पोरं शिट्ट्या मारत होती. मनकर्णाबाई कुणाच्या तरी खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी टाळ्या पिटत होत्या.

भाऊ रस्त्याच्या कडेला बसले. खिशातून फोन काढला, पण चिखलाच्या बोटांनी नंबर लागेना. मी त्यांच्याकडून घेऊन दीपमालाचा नंबर लावला. चौथ्या खेपेला लागला.

"जय भीम बाबा!" ती पलीकडून इतक्या जोरात ओरडली की मला ऐकू आलं. "तुमी बरे हाय ना? इथं बी हाललं! पेशंटच्या सलाईनच्या बाटल्या झोका घेऊन राहिल्या होत्या! आमी सगळ्यांले पलंगासकट बाहेर काढलं बाबा, पलंगासकट!"

"म्या पोट्टे काढले," भाऊ म्हणाले. "अन् मंग एक गाडी उचलली."

"काय?"

"घरी ये मंग सांगतो. लय मोठी गोठ हाय." आणि ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग मॅडमनी विचारलं तो प्रश्न, जो आम्हा सगळ्यांच्या मनात होता. "भाऊ, तुम्हाला कळलं कसं? तो आवाज मीही ऐकला. मला वाटलं मशीन बिघडलं."

भाऊंनी पडलेली सळई ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "किल्लारीचा भूकंप झाला त्या साली मी नवा लागलो होतो. शालिकराम अन् मी गेलो होतो तिकडे, पान्याच्या लाइनी टाकाले. महिनाभर तंबूत रायलो. जमिनीवरच झोपत होतो. तिथं लहान लहान धक्के रोज येत. पहिले कानाले घरघर लागे, मंग अंग हाले. शालिकराम म्हने, आयकून ठेव, हे कामाचं हाय. बत्तीस वर्षं झाली. तो आवाज पुन्हा कधी आला नाई. आज आला, अन् मले वाटलं, हा तर ओयखीचा हाय."

मॅडमनी सांगितलं की त्याला शास्त्र आहे. भूकंपाची एक लाट आधी धावत येते, ती फार हलवत नाही, तिचा आवाज होतो. खरी हलवणारी लाट तिच्या मागून येते. केंद्र लांब असेल तेवढा मध्ये जास्त वेळ मिळतो. भाऊंनी मान डोलावली. "शालिकराम एवढं नाई बोले. पन त्याले माईत होतं."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात भूकंपाला लहानशी जागा मिळाली. मध्यम स्वरूपाचा धक्का, काही घरांना तडे, जीवितहानी नाही. आमच्या गल्लीत आचलचा गुडघा खरचटला, कुलदीप सरांच्या गाडीचा दिवा गेला आणि मनकर्णाबाईंचा ओटा. पण पेपरात काहीही येवो, गल्लीत बातमी वेगळीच पसरली होती की व्हॉल्व्हवाल्या देवरावला भूकंप आधी कळतो. चार दिवस भाऊंना सायकल चालवणं मुश्कील झालं. लोक अडवून विचारायचे, पुढचा कधी? एका बाईने त्यांच्यासमोर नारळ ठेवला आणि पाया पडायला वाकली, तर भाऊ दोन पावलं मागे सरले.

"माह्या पाया नका पडू बाई. म्या काही देव नाई अन् जोतिषी बी नाई. माह्या कानाले सळई होती म्हनून आयकू आलं. तुमच्या कानाले असती तर तुमालेही आलं असतं. अन् थे नारळ घरी न्या, चटनी करा."

एका वृत्तवाहिनीचा मुलगा माइक घेऊन आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं, फक्त चटणीचं सोडून. त्याला ते फारसं आवडलं नाही. गेला.

कुलदीप सरांनी मात्र दोन कामं केली. जिन्याचं गंजलेलं दार काढून टाकलं. आणि दर रविवारी पेपर सुरू व्हायच्या आधी सर पोरांना बाकाखाली बसायला लावतात, मग दोघं दोघं हात धरून खाली यायला लावतात. पोरं हसतात, पण येतात. माझ्या दुकानासमोरून त्या जोड्या जातात तेव्हा मी आकडे मोजते, सवय लागलीय.

परवाच्या शुक्रवारी मॅडम आणि भाऊ पुन्हा आमच्या गल्लीत आले. ओट्याखालचा पाइप बदलून झाला होता, नवी लाइन तपासायची होती. मी चहा सांगितला. बाहेर येऊन पाहते तर आरती मॅडम रस्त्याच्या मध्ये गुडघ्यांवर, डोळे मिटून, उजवा कान लाकडाच्या वाटीला. ओढणी चिखलात. आणि देवरावभाऊ उभे, टोपी सायकलवर, कानांवर ते मोठे हेडफोन. आयुष्यात पहिल्यांदा. भुवया कपाळाच्या वर गेलेल्या.

"काय ऐकू येतं मॅडम?" मी विचारलं.

"माझंच रक्त," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"देवरावभाऊ, तुमाले?"

भाऊंनी मला हातानेच थांबवलं. त्यांचं तोंड उघडं होतं. "याच्यात तर दोन्ही कानांत येऊन राहिलं मायाताई! डाव्यातही! गुनगुन येते, पन येते!" मग ते पाठमोरे झाले आणि बशी उचलून गल्लीभर नेऊन ठेवायला लागले. कडुनिंबाखाली, माझ्या पायरीपाशी, मनकर्णाबाईंच्या नव्या ओट्यावर. "बाप्पा! इथं तर मुंग्या चालून राहिल्या!"

मॅडमनी दोनदा मशीन परत मागितलं. चहा थंड झाला तरी भाऊंनी काही दिलं नाही.